सत्ता, शक्ती आणि वीज



या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी आम्हाला फोनवर विचारलं, "सर, 'पॉवर' म्हणजे राजकारणातली की विजेची? पत्रिकेत काय छापायचं?" आम्ही म्हटलं, दोन्ही. ते जरा घुटमळले. एका तासात दोन विषय कसे उरकणार, अशी त्यांची शंका होती आणि ती रास्तच होती. पण आमचे म्हणणे असे की हे दोन विषय नाहीतच. एकाच दोरीची ही दोन टोके आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रात त्यांची गाठ कुठे पडली ते नदी, गाव आणि तारीख यांसकट दाखवता येते. आज तेवढेच करायचे आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाची ती खोड आहे, चालवून घ्या.

इंग्रजीत 'पॉवर' हा एकच शब्द राजाला, इंजिनाला, भिंगाला आणि मुखत्यारपत्राला चालतो. आपणही तो उचललाय. "त्याच्याकडे पॉवर आहे", "चष्म्याची पॉवर वाढली", "थ्री फेजची पॉवर रात्रीच येते" अशी वाक्ये आपण रोज बोलतो. पण मराठीने आपले म्हणून जे शब्द वापरले ते निरनिराळे आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक जुना विचार आहे.

'अंमल' घ्या. मूळ अरबी शब्द, अर्थ काम किंवा कृती. फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि राज्यकारभाराला चिकटला. इंग्रजांचा अंमल, अंमलदार, अंमलबजावणी. पण अफूचाही अंमलच चढतो! राज्य आणि नशा यांना एकच शब्द कुणी मुद्दाम ठरवून दिला नसेल. तरी तो चुकला असेही म्हणवत नाही.

'अधिकार' या शब्दाची कथा जास्त गंभीर आहे. पूर्वमीमांसेत यज्ञ कोणी करायचा, त्याचे फळ कोणाला मिळायचे, ती पात्रता म्हणजे अधिकार. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय याच चर्चेला वाहिलेला आहे, आणि शूद्राला यज्ञाचा अधिकार नाही हा निर्णयही तिथेच दिलेला आहे. म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणे, हेच या शब्दाचे पहिले काम. आज त्याच शब्दाने आपण साहेबाला 'अधिकारी' म्हणतो, आणि साहेबाला जाब विचारायची जी मुभा २००५च्या कायद्याने नागरिकाला दिली, तिलाही 'माहितीचा अधिकार' म्हणतो. हुकूम आणि हक्क एकाच शब्दात राहतात. शेजार तापदायक आहे, पण उपयोगीही आहे.

आता 'सत्ता'. सत् म्हणजे जे आहे ते. सत्ता म्हणजे असणेपणा. द्रव्य, गुण आणि कर्म या तिन्हींत राहणारे सर्वांत व्यापक सामान्य ते सत्ता, असे वैशेषिक सांगतात. अद्वैतवेदान्तात पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन सत्ता येतात. यात मंत्रिमंडळाचा, निवडणुकीचा कुठेही संबंध नाही. मग 'असणे' या अर्थाचा शब्द 'राज्य करणे' या अर्थाला कसा काय लागला? हा प्रश्न खिशात ठेवा. शेवटी काढू.

राहिला 'शक्ती'. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात बल, ऊर्जा आणि शक्ती असे तीन वेगळे शब्द आहेत आणि मुले तिन्हींत हमखास घोळ घालतात. धरणात उंचावर साठलेले पाणी म्हणजे ऊर्जा. ते पाणी खाली येऊन दर सेकंदाला किती काम करते, ती शक्ती. थोडक्यात, ऊर्जा साठवता येते. शक्ती मोजायला मात्र घड्याळ लागते.

शक्तीबद्दल आपल्याकडे एक फार जुना वाद आहे. आजचे सगळे विवेचन त्याच्यावरच उभे असल्यामुळे तो थोडक्यात सांगतो. अग्नी जाळतो. पण समजा, जवळ एक विशिष्ट मणी ठेवला की अग्नी जाळेनासा होतो, आणि मणी उचलला की पुन्हा जाळतो. अग्नी तर दोन्ही वेळी तोच होता. मग बदलले काय? मीमांसक म्हणाले, अग्नीत 'शक्ती' नावाची न दिसणारी एक वेगळी गोष्ट आहे. मण्याने ती नष्ट झाली आणि मणी काढल्यावर पुन्हा उत्पन्न झाली. नैयायिकांना हे पटले नाही. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त याचे खंडन केले. त्यांचा मुद्दा असा की अशी गूढ वस्तू मानायची गरजच नाही. अग्नी, लाकूड आणि आड येणाऱ्या गोष्टीचा अभाव, एवढी सामग्री जुळली की दाह होतो. आड येणाऱ्या गोष्टीला त्यांनी नाव दिले 'प्रतिबंधक'. नंतरच्या नैयायिकांच्या चर्चेत आणखी एक मणी येतो. तो ठेवला की पहिला मणी जागेवर असूनही अग्नी जाळतो. त्याचे नाव 'उत्तेजक'.

तुम्ही म्हणाल, या मण्यांच्या गोष्टीचा महावितरणाशी काय संबंध? सांगतो. शक्ती वस्तूत भरलेली असते की मांडणीतून येते, हा तो प्रश्न आहे. राजाकडे सत्ता 'असते', की अनेक गोष्टी जुळून आल्यामुळे आणि कोणी आड न आल्यामुळे ती 'चालते'? आमचा कल नैयायिकांकडे आहे. का, ते पुढच्या इतिहासावरून ठरवा.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शक्ती पहिल्यांदा बाजारात आली. जेम्स वॉटचे वाफेचे इंजिन त्याच्या आधीच्या न्यूकमेनच्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी कोळसा खाई. वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन खाणमालकांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा मागत. पण ज्यांच्याकडे आधी इंजिनच नव्हते, घोडे फिरत होते, त्यांना दर कसा लावायचा? म्हणून वॉटने घोड्याचे काम मोजले आणि आकडा धरला, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. ही अश्वशक्ती. एकदा आकडा मिळाला की शक्ती दुकानात ठेवता येते, भाड्याने देता येते, तिचे बिल करता येते. पुढे विजेच्या शक्तीच्या एककाला वॉटचेच नाव मिळाले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. आपल्याकडच्या शेतीपंपांची बिले पुष्कळ वर्षे मीटरवर नव्हे, पंपाच्या एचपीवर काढली जात. दोनशे वर्षांपूर्वीचा तो घोडा आमच्या शेतकऱ्याच्या बिलावर असा उभा होता.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत, आणि तो कोळसा दुरून आणावा लागे. इकडे घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. गंमत अशी की अरबी समुद्र समोर दिसण्याइतका जवळ असताना हे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला, पार बंगालच्या उपसागराकडे निघते. ते घाटमाथ्यावरच अडवून पश्चिमेच्या कड्यावरून कोकणात सोडले तर शेकडो मीटरची उडी आयती मिळते. जमशेदजी टाटांनी ही कल्पना उचलून धरली. १९०४मध्ये ते वारले; काम पुढच्या पिढीने केले. १९१०मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. देशी भांडवलाचे हे मोठे कर्तृत्व होते. त्याचा अभिमान त्या वेळच्या राष्ट्रवाद्यांना वाटला आणि आम्हालाही वाटतो. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट सोपी नाही.

पुढचे एक धरण ठरले मुळशीला, नीला आणि मुळा यांच्या संगमापाशी. पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. खाचरांतून भाताचे चांगले पीक देणारे ते मावळ. कंपनीजवळ पैसा होता, यंत्रे होती, इंजिनियर होते. नव्हती ती जमीन. आणि मावळ्यांना ती विकायची नव्हती. बाजाराच्या नियमाने गोष्ट इथे संपायला हवी होती. विकत घेणारा आहे, विकणारा नाही, सौदा रद्द. ती संपली नाही, कारण १८९४चा भूसंपादन कायदा होता. 'सार्वजनिक कारणा'साठी सरकार जमीन घेऊ शकत होते आणि कंपनीसाठीही घेऊ शकत होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज देणे हे सार्वजनिक कारण ठरले. मुळशीच्या शेतकऱ्याने आपल्या खाचरात भात लावणे हे खासगी ठरले.

श्रोतेहो, विजेच्या शक्तीला राज्याची सत्ता लागते ती इथे. टर्बाइन फिरायला पाणी लागते हे खरे, पण त्याच्या आधी एक सही लागते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे, बायकामाणसांसह, धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. हातात शस्त्र नव्हते. माणसे नुसती बसली आणि एवढा मोठा कारखाना अडला. मघाचा मणी आठवा. अग्नी तोच, लाकूड तेच. प्रतिबंधक मधे आला आणि दाह थांबला. काही महिने काम बंद राहिले. वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले आणि या वेळी पोलीस, अटका, खटले आणि तुरुंग बरोबर आले. हा दुसरा मणी, उत्तेजक. प्रतिबंधक जागेवर असतानाही ज्याच्या जोरावर अग्नी जाळतो तो.

या सत्याग्रहाचे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांनी केले आणि लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हटले ते इथूनच. ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी गांधीजींच्या अहिंसेची चौकट ओलांडून त्यांनी कामाची गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. तोवर, १९२४च्या सुमारास, लढा विझला होता. भिरा इथले वीजगृह १९२७मध्ये सुरू झाले.

लढा का हरला? "सरकार बलाढ्य होते" एवढे उत्तर पुरत नाही. मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी कर्जापोटी पुण्याच्या सावकारांच्या हाती गेलेल्या होत्या. कागदावर मालक एक, नांगर धरणारा दुसरा. नुकसानभरपाई कागदाला मिळते. भरपाईचा आकडा बरा दिसू लागला तसा कागदवाल्यांचा विरोध मावळला आणि मावळा एकटा पडला. पुण्याच्या पुढाऱ्यांतही मतभेद होते. देशी उद्योगाच्या आड यावे की नाही, हा पेच पुष्कळांना खराच पडला होता. म्हणजे सत्ता केवळ मुंबई सरकारच्या कचेरीत नव्हती. सावकाराच्या चोपडीत होती, भरपाईच्या तक्त्यात होती आणि 'राष्ट्राचे हित' या शब्दातही होती. मांडणी म्हणतो ती हीच.

आणि धरणाच्या काठावरच्या डोंगरांत सरकलेल्या वाड्यांना स्वतःच्या घरात बल्ब लागायला पुढे कित्येक दशके थांबावे लागले. त्यांच्या डोक्यावरून तारा मात्र जात होत्या.

इथे तुम्ही विचाराल, की परक्या सरकारकडून दुसरी अपेक्षा काय? आपले राज्य आल्यावर तरी चित्र बदलले का? प्रश्न योग्य आहे. हा प्रश्न स्वातंत्र्याच्या आधीच ज्यांनी विचारला त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३मध्ये विजेच्या धोरणविषयक समितीपुढे बोलताना त्यांनी थेट मालकीचा मुद्दा काढला, वीज खासगी असावी की सार्वजनिक? त्यांना वीज हवी होती ती भरपूर आणि स्वस्त, कारण उद्योग आल्याशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही असे त्यांचे मत होते. पुढे १९४८च्या कायद्याने राज्यांची वीज मंडळे आली. राज्यघटनेने वीज समवर्ती सूचीत घातली, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा तिच्यावर अधिकार. १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झाले. मालक बदलला, आणि तो बदल क्षुल्लक नव्हता. गावोगाव खांब पोचले ते याच मंडळाच्या काळात.

पण कोयना बघा. तीच युक्ती, तोच सह्याद्री. महाबळेश्वरात उगम पावून कराडला कृष्णेला मिळणारी ही नदी १९५०च्या आणि ६०च्या दशकांत अडवली गेली आणि तिचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरवले. आज कोयनेची क्षमता १,९०० मेगावॅटच्या वर आहे; महाराष्ट्राची जीवनरेखा म्हणतात ते खोटे नाही. शिवसागर जलाशयात शंभराच्या आसपास गावे गेली. त्यांतले एक आमच्या आईचे माहेर.

आमच्या मामांना सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली. चिखलात भात लावणारा, नाचणी पिकवणारा माणूस एकदम काळ्या रानात, ज्वारीच्या मुलखात आला. त्यांचा राग धरणावर नव्हता. "लोकांच्या घरात उजेड पडला ना, मग झालं," म्हणायचे. त्यांना खुपायची ती एकच गोष्ट, दाखला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळवण्यासाठी गावाचा पुरावा मागत, आणि गाव पाण्याखाली. कुठल्याशा कचेरीत कोणी त्यांना सांगितले, "या नावाचं गाव आमच्या यादीत नाही." मामा आमच्याकडे येऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, "भाचेबुवा, तुम्ही शिकलेले. सांगा, मी हाय का न्हाई?" आम्ही तेव्हा एम.ए.ला वैशेषिकांची सत्ता घोकत होतो. उत्तर देता आलं नाही.

पुढे १९७६मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, देशातला अशा प्रकारचा पहिला. तो वरून कृपा म्हणून आला नाही. धरणग्रस्तांच्या परिषदा, मोर्चे, धरणी यांच्या रेट्याने आला. मुळशीत हरलेला प्रतिबंधक पन्नास वर्षांनी कायद्याच्या कलमात येऊन बसला, असे आम्ही म्हणू.

कोयनेने आणखी एक गोष्ट शिकवली. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. आम्ही साताऱ्याला कॉलेजात होतो. खाटा सरकल्या, कौले कोसळली, आम्ही अंधारात अंगणात धावलो. कोयनानगरात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. पोफळीचे संच थांबले आणि दूर मुंबईची वीज जाऊन उद्योग ठप्प झाले. एका दरीतली जमीन हलली आणि राजधानी अंधारली. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचे उदाहरण म्हणून जगभर आज कोयनेचे नाव घेतात. शक्ती जितकी एका जागी गोळा करावी तितकी ती एका जागी मोडतेही. हे वीजगृहाला लागू आहे आणि मंत्रालयालाही.

पाण्यावरही शेवटी मर्यादा आली. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून विजेसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीचे बंधन घातले. पूर्वेकडच्या शेताचा हक्क टर्बाइनच्या हक्कापुढे उभा राहिला. दुष्काळी वर्षी हे भांडण दर उन्हाळ्यात ऐकू येते, आणि ते ऐकू येणे चांगले आहे. मुळशीच्या वेळी ते ऐकलेच गेले नव्हते.

आता खिशातला प्रश्न काढू. 'असणे' या अर्थाचा शब्द राज्याला का लागला?

भाषाशास्त्राचे उत्तर वेगळे असेल. आमचे उत्तर मामांच्या प्रश्नातून आलेले आहे. राज्याच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट पोलीस नाही, पैसाही नाही. कोण यादीत आहे आणि कोण नाही, कोणाचे कारण 'सार्वजनिक' आणि कोणाचे 'खासगी', हे ठरवणे ही ती गोष्ट. ज्याचे नाव यादीत नाही तो जिवंत असून नसतो. व्यावहारिक सत्ता म्हणतात ती अशी कागदावर मिळते. भारनियमन हा शब्दच बघा ना. कोणत्या फीडरला रात्री दोनला वीज आणि कोणत्या मॉलला चोवीस तास, हे ठरवणारी ती यादीच आहे. रात्री साप-विंचवातून पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला सत्ता म्हणजे काय, हे आम्ही शिकवायची गरज नाही.

आता सूर्याची वीज आली आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात सौर वाहिन्यांच्या योजना आहेत, आणि आम्हाला त्यांचे मनापासून स्वागत करावेसे वाटते. सूर्य कोणाच्या मालकीचा नाही. पण पॅनेल जमिनीवरच उभे राहते. ती जमीन कोणाची, करार कोणी वाचला, सातबाऱ्यावर नाव कोणाचे आणि त्या रानात राबत कोण होते, हे मुळशीचे प्रश्न तिथेही विचारावे लागतील. इंधन बदलले म्हणजे मांडणी बदलली असे आपोआप होत नाही.

नैयायिकांचे ऐकायचे तर शक्ती कोणाच्या अंगात नसते, ती सामग्रीत असते, आणि प्रतिबंधकाचा अभाव हाही त्या सामग्रीचा भाग आहे. म्हणजे आपण गप्प बसतो तेव्हाही त्या कामात आपला हात असतो. यावर शंका असतील तर जरूर विचारा. तेवढा वेळ आपण राखून ठेवला आहे. फक्त घरी जाऊन दिव्याचे बटण दाबाल तेव्हा एकदा मनात आणा, हे पाणी कोणत्या गावावरून आले असेल.